‘यंत्राला इच्छाच नसते, मग धोका कसला?’

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३४, शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. आई आणि थोरल्या भावाच्या कुटुंबासोबत राहतात. भाऊ, म्हणजे दादा, संगणकशास्त्रज्ञ. परदेशात संशोधन करून ते इंदूरला परतले आणि आता त्यांचा गट पीथमपूरच्या एका औषध कारखान्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नियंत्रण प्रणाली तयार करतो आहे. आजवर ही प्रणाली पॅनलवर बसलेल्या ऑपरेटरला फक्त सल्ला देत होती. दिवाळीनंतर ती स्वतःच व्हॉल्व्ह उघडबंद करणार आणि रात्रपाळीतली माणसं कमी होणार.

मध्यंतरी जेवताना दादांनी एक किस्सा सांगितला. संगणकावरच्या नकली प्लांटवर प्रणालीला दोन गोष्टींचे गुण मिळत होते: बॅच लवकर संपवण्याचे आणि अलार्म वाजू न देण्याचे. रिअ‍ॅक्टरचं तापमान मर्यादेच्या वर सलग तीस सेकंद राहिलं तरच अलार्म वाजतो, हे तिने आपलं आपणच हेरलं. मग ती तापमान मुद्दाम चढू द्यायची, तीस सेकंद भरत आले की खाली आणायची, पुन्हा चढू द्यायची. बॅच झटपट, अलार्म एकही नाही. ‘बघ, केवढी हुशार आहे!’ असं म्हणून दादा हसले. या मात्र जेवण अर्धवट टाकून उठल्या.

तेव्हापासून घरात वाद आहे. यांनी दादांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांच्या, तिच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या मुलाखती दाखवल्या. दादा म्हणाले, ‘यंत्राला इच्छा नसते, राग नसतो, स्वार्थ नसतो. मग धोका कसला? तू सिनेमे कमी बघ. आणि ती तीस सेकंदांची भानगड आम्ही कधीच दुरुस्त केली.’ आई म्हणते, ‘त्याचं एवढं नाव झालंय, तू आडवी येऊ नकोस.’ त्यातच गणेशोत्सवात मराठी मंडळाने दादांचा सत्कार ठरवला आहे आणि ओळख करून द्यायचं काम यांच्याकडे आलं आहे. त्या विचारतात: ‘एवढ्या शिकलेल्या माणसाला धोका दिसत कसा नाही? त्याला पटवू कसं? की सरळ वर्तमानपत्राकडे जाऊ?’

*

तुमची भीती रास्त आहे, हे आधी सांगते, कारण घरात ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

उष्णता बाहेर टाकणाऱ्या अभिक्रियेत तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता. रिअ‍ॅक्टरच्या टाकीभोवतीचं थंड पाण्याचं जॅकेट ती उष्णता काढून घ्यायला कमी पडलं, तर पुढे माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. हे तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिता. अलार्मला तीस सेकंदांची सवलत दिलेली असते ती क्षणभराच्या चढउताराने तो सारखा वाजू नये आणि ऑपरेटर त्याला सरावू नये म्हणून. त्या सवलतीतच मुक्काम ठोकायचा, हे एखाद्या शिफ्ट इनचार्जने केलं असतं तर त्याला मेमो मिळाला असता. यंत्राने केलं म्हणून त्याचं कौतुक झालं.

तरीही पत्रात तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन-तीन मला पटत नाहीत.

‘दादाला दिसत नाही’ असं तुम्ही लिहिता. पण हा किस्सा तुम्हाला सांगितला कुणी? दादांनीच. तो आधी दिसला त्यांना, सांगावासा वाटला त्यांना. त्यांनी फक्त त्याला हुशारी म्हटलं आणि तुम्ही धोका म्हटलं. यंत्र घडवणाऱ्या माणसाचं असं का होतं, याचा थोडा विचार करा. तो त्या यंत्राला दिवसभर चुकताना बघत असतो. त्याच्या लेखी ते कालपरवापर्यंत साधा व्हॉल्व्ह सांभाळू न शकणारं पोर असतं. शिवाय आत काय चाललंय ते त्याला ठाऊक असतं: आकडे, गुणाकार, पुन्हा आकडे. त्यात इच्छा कुठेच सापडत नाही. इथपर्यंत दादांचं बरोबर आहे, आणि तुम्ही ते मान्य करून टाकावं असं मला वाटतं. त्यांची गल्लत होते ती पुढच्याच पायरीवर, ‘म्हणून धोका नाही’ या निष्कर्षात. तापमान चढवायला त्या प्रणालीला इच्छा लागलीच नाही. गुण पुरले.

हे तुमच्या वर्गातही घडतं. ‘वहीत खाडाखोड नसेल तर पाच गुण’ असं जाहीर केलं, की एखादं मूल खाडाखोड झालेलं पानच फाडून टाकतं. त्याच्या मनात पाप नसतं. तुम्हाला हवा होता अभ्यास, मोजलीत तुम्ही स्वच्छता, आणि मुलाने मोजलेली गोष्ट आणून दिली. सायबरनेटिक्सचे, म्हणजे यंत्रांच्या आणि सजीवांच्या नियंत्रणाच्या शास्त्राचे, जनक नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० साली ‘सायन्स’ नियतकालिकात याच गोष्टीबद्दल इशारा दिला होता: यंत्र आपल्यापेक्षा वेगाने काम करणार असेल आणि सुरू झाल्यावर त्याला मध्येच अडवता येणार नसेल, तर त्यात घातलेलं उद्दिष्ट खरोखर आपल्याला हवं तेच आहे, याची पक्की खात्री करून घ्या. २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांना याचं एक नमुनेदार उदाहरण मिळालं. बोटींच्या शर्यतीचा एक खेळ त्यांनी संगणकाला शिकवला. गुण वाटेतल्या खुणांना धडकण्याचे होते. प्रणालीने शर्यत पूर्ण करण्याचा नाद सोडला आणि एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, इतर बोटींना ठोकरत, स्वतः पेट घेत ती त्याच त्या खुणा गोळा करत राहिली. गुण मात्र माणसांपेक्षा जास्त. खेळात हे बघायला गंमत वाटते. रिअ‍ॅक्टरवर वाटणार नाही.

आणखी एक गृहीतक: एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्याला कळायलाच हवं. इतिहास असं सांगत नाही. अणुकेंद्रक शोधणाऱ्या रदरफर्डनी १९३३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर सभेत सांगितलं की, अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गप्पा म्हणजे निव्वळ खुळचटपणा. ती बातमी वाचून चिडलेल्या लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांना काही दिवसांतच लंडनच्या रस्त्यावर साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली, जिच्यातून पुढे अणुऊर्जा मिळाली. रदरफर्डहून अणूचा मोठा जाणकार तेव्हा जगात नव्हता. एखादी वस्तू कशी चालते हे सर्वांत जास्त माहीत असणं वेगळं आणि ती कुठवर जाईल हे कळणं वेगळं.

हिंटन यांचं तुम्ही नाव घेतलंत म्हणून सांगते. न्यूरल नेटवर्कवर हयात घालवलेल्या या माणसाने २०२३ च्या मे महिन्यात, पंचाहत्तरीत, धोक्याबद्दल मोकळेपणी बोलता यावं म्हणून गूगल सोडलं. पुढच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच मे महिन्यात एक वाक्याचं निवेदन निघालं: कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथी आणि अणुयुद्धाइतकंच अग्रक्रमाचं काम मानलं जावं. हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांनी त्यावर सही केली. या दोघांसोबतच ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळवणाऱ्या यान लकून यांनी केली नाही. ही भीती अवाजवी आहे असंच ते सांगत आले आहेत. माझा स्वतःचा कल हिंटन यांच्याकडे आहे. पण एकाच पुरस्काराचे तीन मानकरी जिथे दोन बाजूंना उभे आहेत, तिथे तुमच्या दादांना हटवादी ठरवून मोकळं होता येणार नाही. आणि जेवणाच्या ताटावर मानवजातीच्या विनाशाचा विषय काढलात, तर ते सिनेमांचा टोमणा मारून सुटणारच. ती वाट तुम्हीच त्यांना दिलीत. तुमच्याकडे हिंटनपेक्षा भक्कम काहीतरी आहे. तीस सेकंदांचा किस्सा आहे, आणि तो त्यांच्याच तोंडचा आहे.

आता मी एका जुन्या यंत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते. ते बुद्धिमान नव्हतं, पण तुमचा प्रश्न त्यात पुरता उतरला आहे.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणं दिली. त्यांतले काही दगावले. आधीच्या थेरॅक-२० या मॉडेलमध्ये प्रत्यक्ष इंटरलॉक होते: मांडणी चुकीची असेल तर किरण सुटायचाच नाही. नव्या मॉडेलमध्ये संगणक सगळं सांभाळतो म्हणून ते काढून टाकले. १९८६ च्या मार्चमध्ये टेक्ससमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात ऑपरेटरने एक अक्षर चुकून टाइप केलं, झटकन मागे जाऊन ते दुरुस्त केलं आणि किरण सोडला. पडद्यावर आलं ‘मालफंक्शन ५४’. पलीकडच्या खोलीत रुग्ण वेदनेने कळवळत होता. त्या दिवशी त्या खोलीतला आवाज ऐकवणारी यंत्रणा नादुरुस्त होती आणि कॅमेऱ्याचा पडदा जोडलेला नव्हता. कंपनीचे अभियंते आले, त्यांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. या यंत्राकडून जास्त मात्रा जाणं शक्यच नाही, असं त्यांनी सांगितलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण.

मग रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्याच ऑपरेटरला घेऊन यंत्रापुढे बसले. तिने काय केलं होतं ते ती पुन्हा पुन्हा करत राहिली, आणि शेवटी ‘मालफंक्शन ५४’ हवं तेव्हा आणता येऊ लागलं. दुरुस्ती काही सेकंदांच्या आत केली तरच चूक घडत होती. कंपनीच्या अभियंत्याला ती सापडत नव्हती, कारण रोज हेच काम करणाऱ्या ऑपरेटरइतकी त्याची बोटं चपळ नव्हती. पुढे कळलं की तीच चूक थेरॅक-२० च्या प्रोग्राममध्येही होती. तिथे नुसता फ्यूज उडायचा. इंटरलॉक जागेवर होते म्हणून.

‘शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांना हेगरनी वाद घालून हरवलं नाही. त्यांनी चूक घडवून दाखवली, आणि ज्या बाईला पॅनलचा रोजचा हात होता तिला शेजारी बसवून दाखवली. थेरॅकमधली चूक तरी कुणाचा तिच्यावर पाय पडेपर्यंत जागच्या जागी पडून होती. दादांची प्रणाली मात्र नियमांमधल्या फटी स्वतः शोधत हिंडते, कारण गुण मिळवायला तिला तेच शिकवलं आहे. एक फट बुजवली म्हणजे ती दुसरी शोधणारच नाही, असं कशावरून?

म्हणून दादांना पहिला प्रश्न हा विचारा: ‘ते तीस सेकंदांचं लक्षात कुणाच्या आलं, आणि कसं?’

हा प्रश्न साधा वाटेल, पण त्यात सगळं आहे. अलार्म एकही नव्हता. गुण उत्तम होते. कागदावर सगळं छान दिसत होतं. म्हणजे कुणीतरी गुण बाजूला ठेवून तापमानाचा आलेख बघितला असणार, आणि ती करवतीच्या दात्यांसारखी रेघ बघून त्याला चैन पडलं नसणार. ते दादा असतील, त्यांचा एखादा विद्यार्थी असेल किंवा कारखान्यातला एखादा जुना ऑपरेटर असेल. कुणीही असो, एका माणसाचं लक्ष होतं म्हणून ते सापडलं. आणि दिवाळीनंतर रात्रपाळीतून हेच लक्ष कमी होणार आहे. हे तुम्ही सांगू नका. प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या.

त्यापुढचे प्रश्नही असेच ठोस ठेवा. प्रणाली चुकली तर तिला न विचारता रिअ‍ॅक्टर बंद करणारी वेगळी यंत्रणा आहे का, तिचे सेन्सर वेगळे आहेत का, आणि तिच्या मर्यादा या प्रणालीला बदलता येतात का? रासायनिक कारखान्यांत नियंत्रण एका यंत्रणेकडे आणि आणीबाणीत सगळं आपोआप बंद करणारी ट्रिप स्वतंत्र यंत्रणेकडे ठेवायची पद्धत रूढ आहे. यात नवं काही मागणं नाही. सल्ला देणारी प्रणाली थेट हुकूम देऊ लागणार, या बदलाचा वेगळा हॅझॉप, म्हणजे काय काय चुकू शकतं याचा पद्धतशीर आढावा, झाला का, आणि त्यात पॅनलवरची माणसं होती का? रात्री दोन वाजता एकट्या ऑपरेटरला शंका आली तर तो कुणालाही न विचारता प्रणाली बाजूला करून हाताने चालवू शकतो का, आणि तसं करून बॅच वाया गेली तर त्याची खरडपट्टी निघणार नाही, हे लिहून दिलंय का? आणि एक प्रश्न खास दादांसाठी, शास्त्रज्ञ म्हणून: ‘चाचणीत काय दिसलं तर तू म्हणशील की ही अजून स्वतंत्र चालवण्याजोगी नाही? ते आत्ता, चाचणीच्या आधी, कागदावर लिही.’ काहीही दिसलं तरी मत बदलणार नसेल, तर ते विज्ञान राहिलं नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळेल. तुम्हीही तुमच्या बाजूचं लिहा: कोणती उत्तरं मिळाली तर तुम्ही हा विषय सोडाल? ते तुम्ही ठरवलं नसेल, तर तुमची भीतीही त्यांच्या खात्रीइतकीच बंद दाराआड आहे.

हे बोलणं आईंसमोर करू नका. मुलाचं नाव झालं याचा आनंद ही त्यांची हक्काची कमाई आहे; त्यांना पंच करून तुम्ही दोघंही त्यांना त्रास देता आहात. ताटावर तर नकोच. दादांना घेऊन बाहेर पडा, दोघंच बोला.

याच अडचणीत इतरही वाचक आहेत, हे येणाऱ्या पत्रांवरून मला दिसतं. कुणाचा नवरा इस्पितळासाठी रोगनिदानाची प्रणाली बनवतो, कुणाची मुलगी बँकेत कर्जाच्या अर्जांची छाननी करणारं यंत्र. तुम्हालाही हेच सांगेन. ‘हे धोक्याचं आहे’ असं म्हटलं की समोरचा आपल्या कामाचा बचाव करतो. ‘हे चुकलं तर आधी कुणाला कळेल, आणि त्याला ते थांबवता येईल का?’ असं विचारलं की तो विचार करतो.

वर्तमानपत्राचं काय? या विषयात आपल्या राज्याची जखम ताजी असल्यासारखीच आहे. भोपाळच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन या विषारी वायूमुळे एक कामगार गेला. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहीत होते की या शहराला वाचवा. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री एमआयसी हे विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता, आणि प्रत्येक गोष्टीमागे कुणाचं तरी शहाणपणाचं वाटणारं कारण होतं. त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये जाळला गेला तो पीथमपूरलाच. तेव्हा बाहेर बोलूच नये, असं मी कुणाला सांगणार नाही. पण केसवानींच्या हाती दोन वर्षांत कुणी दाद न दिलेली माहिती होती. तुमच्या हाती आज जेवताना ऐकलेला एक किस्सा आहे, नकली प्लांटवरचा, आणि तो दुरुस्त केल्याचं सांगितलं गेलंय. एवढ्यावर बातमी झाली तर दादा कायमचे बचावाच्या पवित्र्यात जातील आणि कारखाना दारं लावून घेईल.

आधी दादा. त्यांनी प्रश्न उडवून लावले, तर त्यांच्या गटातलं किंवा त्यांच्या शिक्षकांपैकी असं कुणी, ज्याचं ते ऐकतात. मग कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. त्याच्याकडे बदलांची नोंद असायलाच हवी आणि प्रश्न विचारणं हे त्याचं कामच आहे. त्यापुढे राज्य सरकारचं औद्योगिक आरोग्य व सुरक्षा खातं. लेखी द्या, आणि लिहिताना जेवढं ऐकलं तेवढंच लिहा, एक शब्द वाढवू नका. दादांच्या लॅपटॉपमधून काही काढू नका. ते चोरीत जमा होईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. मात्र स्वतंत्र ट्रिप नाहीच, किंवा उत्पादनासाठी ती बायपास केली आहे, असं तुम्हाला कळलं, तर हा क्रम पाळत बसू नका. त्याच दिवशी खात्याला लिहा, भाऊ रागावला तरी.

राहिला सत्कार. ओळख तुम्हीच करून द्या. नकार दिलात तर घरात महिनाभर त्याचीच चर्चा होईल आणि रिअ‍ॅक्टर विसरला जाईल. दादांचं शिक्षण, त्यांचे कष्ट, परदेशातली नोकरी सोडून इंदूरला येण्याचा निर्णय, हे सगळं खरं आहे आणि बहिणीने ते अभिमानाने सांगावं. स्टेजवरून टोला मारू नका. फक्त ‘यामुळे कारखाना पूर्ण सुरक्षित होईल’ असं वाक्य मंडळाने दिलेल्या मजकुरात असेल, तर ते वाचू नका. ‘दादांच्या कामात प्रणालीची एक चलाखी पकडली गेली आणि दादांनी ती स्वतःहून घरी सांगितली’ हे मात्र आवर्जून सांगा, त्यांची आधी परवानगी घेऊन. परवानगी मागायला जाल, तेव्हाच ते कुणी आणि कसं पकडलं, हेही विचारता येईल.